हेलियमची पाचवी पायरी

धुळे
११ मार्च १९६८

चंदन,

बारा फेब्रुवारीला, दुपारी बाराला पाच कमी असताना, भौतिकशास्त्राच्या गॅलरीत तिसऱ्या बाकावरून तू उठून उभी राहिलीस, आणि माझं जे काय व्हायचं होतं ते तिथेच बदललं. वेळ नक्की माहीत आहे, कारण मी तेव्हाच घड्याळ बघितलं होतं. मला फळ्याशी बोलायला लागून वीस मिनिटं झाली होती आणि पुण्याच्या विद्यापीठातून आलेल्या पाहुण्यांनी एकदाही जांभई दिली नव्हती.

पाकिटावर झुंबरबाई हे नाव बघून गोंधळू नकोस. माझ्या आत्याचं नाव आहे, इथे मी तिच्याकडेच राहतो. तुझ्या घरी मुलाचं पत्र चालणार नाही म्हणून तिला विचारून घातलं. ती म्हणाली, "माह्या नावानं जन्मात कोणी कागद टाकला नाही. टाक बापा."

तुझं कार्ड मिळालं. प्रयोगशाळेतल्या नथ्थूभाऊकडे माझा पत्ता आहे हे तुला बरोबर कळलं. कार्डावर चारच शब्द. आकडेमोडीची वही परत पाठव. ना मायना, ना सही. खाली नथ्थूभाऊनं आपल्या वळणाच्या अक्षरात लिहिलंय की भौतिकशास्त्राचे जावळे सर तुमच्या घरी यायला तयार नाहीत. तुझ्या बाबांनी, मिश्रीलालजींनी, म्हणे अट घातली आहे: सरांनी स्वतः दालमिलवर येऊन सांगितलं की पोरगी हुशार आहे, तर ती पुण्याला एम.एस्सी.ला जाईल. नाहीतर बी.एस्सी. झालं तेवढं पुष्कळ. आणि सर म्हणतात, जी मुलगी आकडा धड उतरवू शकत नाही तिच्यासाठी मी कुणाच्या ओट्यावर जाणार नाही.

यात माझा काय संबंध? वही माझ्याकडे नाही. त्या दिवशी कॉलेजातून निघालो तो गावी गेलो, तेव्हाच भुसावळच्या पुलावरून तापीत टाकली.

मी काय म्हणत होतो ते तरी कुणी पुरतं ऐकलं का? हायड्रोजनच्या अणुकेंद्रानं एक न्यूट्रॉन धरला की जड हायड्रोजन. आणखी एक धरला की त्याहून जड. असं चढत चढत चारपर्यंत जाता येतं, हेलियमपर्यंत. तिथे सगळी दुनिया म्हणते की जिना तुटला. हेलियमला पाचवा द्या, ते घेतच नाही. दिलाच तर डोळ्याचं पातं लवायच्या आत टाकून देतं. म्हणून कार्बन, लोखंड, तुमच्या सराफ बाजारातलं सोनं, सगळं ताऱ्यांच्या पोटात शिजायला लागतं, तीन-तीन हेलियम एका क्षणी एका जागी येऊन. आणि माझ्या आकड्यांत हेलियमनं पाचवा धरला होता, चंदन. जिना तुटलेला नव्हताच. एकेक न्यूट्रॉन घेत सुरुवातीलाच सगळं घडलं असतं, ताऱ्यांची वाट बघायची गरजच नव्हती. जळगावच्या एका साध्या कॉलेजात, लॉगॅरिदमच्या फाटक्या पुस्तकावर, दोघांनी मिळून काढलेलं.

आणि तू उठून म्हणालीस, हेलियमचा आकडा जुन्या मापातला आहे आणि न्यूट्रॉनचा नव्या. एवढंच बोललीस.

त्यावर मी रागात काहीतरी बोललो. लोक हसले. ते सोड आता.

मी इथे जीवरामभाऊंच्या रेडिओच्या दुकानात आहे, आग्रा रोडला. कथलाचा डाग देतो, वायरी जोडतो. दिवस जातो.

रतिलाल


धुळे
३० मार्च

चंदन,

तुझं दुसरं कार्ड. तू लिहिलंयस, जो माणूस पाऊस आला तर स्वतः भिजतो आणि वही शर्टाच्या आत धरतो, तो ती तापीत टाकत नाही.

बरं. वही आहे. आत्याच्या पेटीत, तिच्या लुगड्यांच्या खाली.

पण तुझ्या उपयोगाची नाही. गावी गेलो तेव्हा आबांनी काही विचारलं नाही, कॉलेज का सोडलं म्हणूनही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे हाताला धरून मळ्यात नेलं आणि केळीचे घड कापायला उभं केलं. तू केळी खाल्लीस, घड कापला नसशील. त्याचा चीक अंगावर आला की जन्माचा काळा डाग. आबांच्या एका सदऱ्यावर मूळ रंग कुठे आहे ते शोधावं लागतं. वही खिशात होती. हेलियमच्या आकड्याचं पान चिकानं काळं झालंय. काही वाचता येत नाही. तेव्हा कुणी काय उतरवलं याचा पुरावा म्हणून बघायचं असेल तर ते विसर.

परीक्षा चालू असेल तुझी. माझा नंबर तुझ्यापुढे दोन बाकांवर आला असता. तिथे कोण बसलंय? कुणीच नसेल. रिकाम्या बाकावरही उत्तरपत्रिका ठेवतात का, विचारायचं राहिलं.

जीवरामभाऊ काल म्हणाले, "रतिलाल, तू रेडू दुरुस्त करी ऱ्हायना का त्याना बारावा करी ऱ्हायना?" दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. हसायला काय लागतं.

तुला आठवतं का, कँटीनमध्ये तू बटाटेवडा मागवायचीस आणि तुमच्याकडे न चालणारा आतला बटाटा माझ्या बशीत काढून नुसतं वरचं बेसन खायचीस. मी म्हणायचो, मग भजी माग ना. तू म्हणायचीस, भज्यांत कांदा असतो, आणि मग तू काय खाशील? मला वाटायचं याचा काहीतरी अर्थ आहे. आता वाटतं, तुला वाया घालवलेलं आवडत नसेल, एवढंच.

र.


धुळे
१९ एप्रिल

चंदन,

तुझं काही नाही आलं.

मी पुन्हा गणित केलं. जीवरामभाऊ लग्नाला नंदुरबारला गेलेत, दुकानात ऊन आणि मी. सरांनी उन्हाळी शिबिरातून आणलेल्या तक्त्याची नक्कल आता नथ्थूभाऊकडून मागवून घेतली. सगळे आकडे त्याच एका तक्त्यातून घेतले. हेलियम ४.००२६०. न्यूट्रॉन १.००८६६. बेरीज ५.०११२६. आणि दोघं एकत्र आले तर जे होतं त्याचं वजन ५.०१२२२. एकत्र राहायला जास्त लागतं, वेगळं राहायला कमी. मग कोण एकत्र राहील? सुटणारच.

फळ्यावर मी हेलियम ४.००३८७ लिहिलं होतं, लायब्ररीतल्या पंचावन्न सालच्या पुस्तकातलं. तेव्हा जग ऑक्सिजनला सोळा धरून मोजायचं. एकसष्टपासून कार्बनला बारा धरून मोजतं. गज बदलला होता. एका गजानं कापड मोजलं आणि दुसऱ्या गजानं अस्तर, आणि म्हणालो अंगरखा बसला. तिसऱ्या-चौथ्या घरातला फरक, पण हेलियमला पाचवा चिकटवायला तेवढा पुरला.

तुझं बरोबर होतं. हे गॅलरीत नाही, इथे लिहितोय. तरी लिहितोय.

र.


धुळे
८ मे

चंदन,

तुझं पत्र आलं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. आत्यानं ते आधी स्वतःच्या नावाचं म्हणून देवापाशी ठेवलं आणि मग मला दिलं.

तू लिहितेस, आता वही नको. पुण्याचे अर्ज जूनच्या दहा तारखेपर्यंत आहेत, पण बाबा एकदा "बघू" म्हणाले की पुन्हा विषय काढायचा नसतो, आणि ते बघू म्हणालेत. तू दालमिलच्या कचेरीत बसून तुझ्या आजीच्या, बायजींच्या, औषधांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवतेस. आणि एक ओळ लिहिलीयस ती मी इतक्यांदा वाचली की घडीवर कागद फाटला. "त्या दिवशी मी गप्प बसले, कारण मी बोलले असते तर सरांनी तुला काढून टाकलं असतं. तू मात्र आपणहून गेलास. मग माझ्या गप्प बसण्याचं काय झालं?"

मला माहीत नाही काय झालं. मी तुला काय झालं होतं ते सांगतो. सगळं. आजवर तीन पत्रांत मी तुला एक गोष्टसुद्धा सरळ सांगितलेली नाही.

पानावर चीक पडलेला नाही. चीक पुठ्ठ्यावर पडला. पान स्वच्छ आहे.

तो आकडा माझ्या हातचा आहे. ते तुलाही माहीत आहे, मलाही, आणि आठ जानेवारीच्या संध्याकाळी प्रयोगशाळेत आणखी कुणी नव्हतं. तू साडेपाचला उठलीस, रोजच्यासारखी, कारण तुमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं असतं. थंडीत तर तू पाच वाजल्यापासून खिडकीकडे बघत असायचीस. मी चिडवायचो की ताऱ्यांचा अभ्यास करणारी मुलगी तारे निघायच्या आत घरात. जाताना तू घाईत होतीस, मी लायब्ररीत होतो. म्हणून तू वहीत समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलंस: "लायब्ररीतलं पुस्तक जुनं आहे, माप वेगळं असेल. आकडे घेण्याआधी तपास."

मी परत आलो, वाचलं आणि तरीही हेलियमचा आकडा त्याच पुस्तकातून घेतला. बाकीचे आकडे ज्यातून घेतले होते तो सरांचा तक्ता त्यांच्या कपाटात होता आणि कपाटाला कुलूप होतं, म्हणून. सकाळपर्यंत थांबता आलं असतं. मी गणित पुढे नेलं आणि पाचवा चिकटला. चंदन, तेव्हा मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. पाच-सहा वेळा बेरीज केली. मग तुझी ओळ पुन्हा दिसली.

मी ती खोडली.

खोडरबरानं, नीट, कण फुंकून. का ते आता लिहितो. तुला पुण्याला जागा मिळणारच होती, तुझे मार्क तसे होते. मला मिळणार नव्हती. मी गेल्या वर्षी रसायनात काठावर पास झालो होतो. पण हे खरं निघालं असतं तर पाहुण्यांनी दोघांना बोलावलं असतं. तूही पुण्याला, मीही पुण्याला. मी हेलियमला पाचवा धरायला लावला, कारण तो सुटला असता तर तू एकटी जाणार होतीस. आता लिहिलेलं वाचलं की लाज वाटते, पण त्या संध्याकाळी ते मला विज्ञानच वाटत होतं.

आणि गॅलरीत. पहिल्या पत्रात मी "काहीतरी बोललो" म्हणून सोडून दिलं. काय बोललो ते लिहितो, कारण ते फक्त तू आठवत बसावंस हे बरोबर नाही. मी म्हणालो, "हा आकडा यांनीच उतरवलाय सर. यांना सूर्य मावळायच्या आत घरी जेवायला पळायचं असतं, पळता पळता उतरवला असेल." सगळी गॅलरी हसली. पाहुणे हसले. सरांनी तुला विचारलं, खरं आहे का? तू माझ्याकडे बघितलंस आणि खाली बसलीस.

ज्या पळण्याला मी सगळ्यांना हसवलं, त्याच पळण्यामुळे तू ती ओळ लिहून गेली होतीस. थांबली असतीस तर तोंडी सांगितलं असतंस आणि मी तुझ्याशी भांडून शेवटी ऐकलं असतं.

सर माझ्या शब्दावर का गेले हेही तुला ठाऊक आहे. ते आमच्या फैजपूरचे. मी पहिल्या वर्षाला आलो तेव्हा आबा त्यांच्याकडे केळी घेऊन गेले होते. हा आपल्याकडचा पोरगा, खोटं बोलणार नाही, असं त्यांना वाटलं असणार. तुझ्याकडे बोलायला वही नव्हती. वही माझ्या काखेत होती.

काल दुकानात एक म्हातारे रेडिओ घेऊन आले. आवाज येत नाही म्हणाले. मी उघडला, बघितला, सांगितलं की आतली एक काचेची नळी गेलीये. ते म्हणाले, "गेली कशी? कालपर्यंत गात होती." मला उगाच राग आला. मी म्हणालो, गेली ती गेली. जीवरामभाऊंनी माझ्या हातून पकड काढून घेतली आणि म्हणाले, "तुले जठे जानं शे तठे एकदाव जाई ये रे भो. मंग कामले लाग." म्हणजे मी काही बोलत नसलो तरी त्यांना दिसतंय.

मी थकलोय. रागही थकलाय. पूर्वी तुझं नाव लिहिलं की पुढचं वाक्य आपोआप यायचं. आता एकेक ओळ ओढून आणावी लागते.

वही तुला पाठवून काही होणार नाही. तू ती घेऊन सरांकडे गेलीस तर ते म्हणतील, आता तीन महिन्यांनी? आणि तू माझ्याविरुद्ध पुरावा घेऊन गेलीस असं होईल. ते तू करणार नाहीस, मला माहीत आहे. म्हणून मी येतो. तुझ्याकडे नाही. काळजी करू नकोस.

रतिलाल


जळगाव
२१ मे

चंदन,

हे नथ्थूभाऊच्या स्टुलावर बसून लिहितोय. तोच तुला देईल. तो म्हणतो, तू उद्या ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला येणार आहेस.

सकाळच्या गाडीनं निघालो. एरंडोलला गाडीत इतकी माणसं भरली की एका बाईनं आपलं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि विचारलंही नाही. वही त्याच्या खाली. मला बरं वाटलं, उतरून परत जाता येणार नव्हतं.

सुटी असूनही सर खोलीत होते. खिडकीला वाळ्याचा पडदा लावलेला, त्यावर नथ्थूभाऊ तासातासानं पाणी मारतो. मला बघून सरांनी चष्मा काढला. "कुठे होतास?" म्हणाले. मी म्हणालो धुळ्याला. ते म्हणाले, आबा येऊन गेले होते, त्यांनाही नीट सांगता आलं नाही. मग म्हणाले, ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरता येतो, माझ्या ओळखीनं होईल. मी काही विचारायच्या आत ते मला परत घेत होते. मला ते सहन होईना.

मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. म्हणालो, हेलियमची ओळ बघा, अक्षर माझं आहे.

त्यांनी बघितलं. म्हणाले, "मग मुलीनं काय केलं होतं?"

मी समासावर बोट ठेवलं. त्यांना काही दिसेना. मी पान उचलून खिडकीशी तिरपं धरलं, वाळ्यातून येणाऱ्या उजेडात. पेन्सिल खोडली तरी कागदावर दाब राहतो. तू दाबून लिहितेस. सर उठून आले, माझ्या खांद्यावरून वाकले आणि एकेक शब्द हळू वाचत गेले. पुस्तक. जुनं. माप. तपास.

बाहेर नथ्थूभाऊ बादली ठेवून उभा होता, त्याला सगळं ऐकू येत होतं आणि तो आत येत नव्हता.

"खोडलं कुणी?"

"मी."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी तिचं बरोबर होतं सर. तिनं दोनदा सांगितलं. एकदा वहीत, एकदा गॅलरीत."

मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "मी पण हसलो होतो रतिलाल." एवढंच. मग टेबलावरचे पेपर एका बाजूला केले, खण उघडला, कोरे कागद काढले. आधी पुण्याला त्या पाहुण्यांना लिहितो म्हणाले, नाव घालून, चूक कुणाची आणि ती पकडली कुणी ते स्पष्ट. मग उन्हं उतरली की मिश्रीलालजींकडे जातो. मी म्हणालो, सर, पाच वाजायच्या आत जा, नंतर त्यांच्याकडे जेवणाची घाई असते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. पण म्हणाले, "बरं. चारला जातो."

तू मला माफ कर असं मी लिहीत नाही. मागायचं म्हटलं तर मी पुन्हा तुझ्या दारात उभा राहीन, आणि तुला पुन्हा माझ्यासाठी काहीतरी ठरवावं लागेल. पुण्याला जा. तिथे म्हणे लोक ताऱ्यांच्या उजेडातून मूलद्रव्यं ओळखतात, कोणत्या ताऱ्यात काय शिजलं ते. तू वाच. तुला आकडे तपासायची सवय आहे. पत्र टाकू नकोस. मीही टाकणार नाही. वही सरांच्या टेबलावर आहे, ती मागून घे, तुझीच आहे.

मघाशी सर लिहायला लागले. दोन ओळी झाल्यावर वर न बघता म्हणाले, "बस. झालं की वाचून दाखवतो, काही राहिलं असेल तर सांग."

त्यांचं पेन चालत होतं. तिसऱ्या ओळीत माझं नाव येणार होतं आणि ते कोणत्या शब्दांमागून येतं हे मला ऐकायचं नव्हतं. मी म्हणालो, काही राहिलेलं नाही सर.

आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं.